कमाटीबागेतील गाणारे पक्षी : निरीक्षण आणि छायाचित्रणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत सकाळी दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन प्रथमच येणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न वर्षभर ऐकू येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न कोणता कॅमेरा घ्यावा हा असतो. येथे मात्र कॅमेऱ्याचा विषय मुद्दामच उशिरा घेतला आहे. गाणारा पक्षी आधी कानाला सापडतो, मग डोळ्यांना आणि त्यानंतर भिंगातून. जे हा क्रम पाळतात त्यांना पक्षीही अधिक दिसतात आणि छायाचित्रेही चांगली मिळतात, असा आमचा अनुभव आहे.

गाणारे पक्षी म्हणजे नेमके कोणते? कोकीळ त्यांत येतो का?

शास्त्रीय वर्गीकरणाप्रमाणे कोकीळ त्यांत येत नाही आणि कावळा येतो. जगातील पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती 'पॅसेरिफॉर्मिस' या एकाच गणात मोडतात. तीन बोटे पुढे आणि एक मागे अशी पावलांची रचना असल्यामुळे हे पक्षी फांदी घट्ट धरून बसू शकतात. या गणातील बहुसंख्य जाती 'ऑसिनीज' या उपगणातील आहेत आणि गाणारे पक्षी म्हणतात ते यांनाच. श्वासनलिका जेथे दुभंगते तेथे पक्ष्यांचे स्वरयंत्र असते. या उपगणात त्या स्वरयंत्राचे स्नायू विशेष विकसित झालेले असून त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालू शकतात, त्यामुळे यांतील काही पक्षी एकाच क्षणी दोन निराळे स्वर काढतात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी, की या पक्ष्यांची पिल्ले आपल्या जातीचे गाणे प्रौढ पक्ष्यांचे ऐकून शिकतात.

कोकीळ, तांबट, भारद्वाज आणि पोपट हे सारे या गणाबाहेरचे आहेत. नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी याच गणातला असला, तरी तो गाणाऱ्यांच्या उपगणात बसत नाही. निरीक्षणासाठी मात्र अशी भिंत घालण्याचे कारण नाही. एप्रिलमधल्या सकाळी कोकिळाकडे कानाडोळा करणे शक्यही नसते आणि योग्यही नाही.

त्यासाठी कमाटीबागच का निवडावी? जंगलात जाणे चांगले नाही का?

जांबुघोड्याचे जंगल किंवा वढवाण्याचा तलाव पाहण्याजोगा आहे यात शंका नाही. परंतु वढवाणा हे मुख्यतः पाणपक्ष्यांचे स्थळ आहे, आणि जंगलात गाणारे पक्षी उंच छताआड राहत असल्यामुळे नवख्याला आवाज पुष्कळ ऐकू येतात पण पक्षी फारसे दिसत नाहीत. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८७९ मध्ये उभारलेली ही बाग शंभरांहून अधिक एकरांवर पसरलेली असून तिच्यातून विश्वामित्री नदी वाहते. जुने मोठे वृक्ष, फुलझाडांचे ताटवे, मोकळी हिरवळ आणि काठावरची अस्ताव्यस्त झुडपे असे चार प्रकारचे अधिवास थोड्या अंतरात एकत्र आले आहेत. शिवाय येथील पक्ष्यांना माणसांची सवय आहे. रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीत वाढलेला दयाळ तुम्हाला जितक्या जवळून गाणे ऐकवेल, तितक्या जवळ जंगलातला दयाळ येऊ देणार नाही.

सर्वांत मोठा लाभ असा, की घराजवळच्या बागेत बाराही महिने जाता येते. एकच वड जानेवारीत, मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये पाहिला, म्हणजे पक्ष्यांचे वर्ष कसे चालते ते समजू लागते. हे ज्ञान सहलींतून मिळत नाही.

कोणत्या महिन्यांत कोणते पक्षी दिसतात?

बुलबुल (लालबुड्या), शिंपी, शिंजीर, साळुंकी, भांगपाडी मैना, सातभाई, कोतवाल आणि दयाळ हे वर्षभराचे रहिवासी आहेत. त्यांचे वागणे मात्र ऋतूप्रमाणे इतके बदलते, की महिना कोणता हे विसरून त्यांच्याविषयी बोलणे अपुरे ठरते.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून दयाळचा नर गाऊ लागतो आणि जूनपर्यंत त्याचा भर ओसरत नाही. थंडीत हाच पक्षी झुडपांखालून मुकाट्याने फिरत असतो, त्यामुळे पुष्कळांना तो मार्चमध्ये 'नव्याने आला' असे वाटते. याच सुमारास सावर, पळस आणि पांगारा फुलतात. शहरात जेथे अशी झाडे आहेत तेथे शिंजीर, बुलबुल, कोतवाल आणि भोरड्या म्हणजे गुलाबी मैना एकाच झाडावर दाटीवाटीने उतरतात. छायाचित्रकाराने वर्षातील एकच आठवडा निवडायचा झाला, तर सावर फुलण्याचा निवडावा. पाने गळून गेलेली असतात, फुले मोठी असतात आणि पक्षी मकरंदासाठी पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येतात.

उन्हाळ्यात हळद्याचा बासरीसारखा 'पी-लो-लो' दाट पालवीतून ऐकू येतो. पावसाची चाहूल लागली की सुभग शीळ घालू लागतो. नर हवेत उडी घेऊन पिसे फुलवून भिरभिरत खाली उतरतो ते याच दिवसांत. राखी वटवट्या वाढलेल्या गवताच्या शेंड्यावर चढून गातो. सुगरणीची घरटी पाहायची असतील तर पावसाळ्यात शहराबाहेरच्या नाल्यांवरील आणि विहिरींवरील बाभळी शोधाव्यात.

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पाहुणे येऊ लागतात. पांढरा धोबी हिरवळीवर शेपटी हलवत धावताना दिसू लागला, की येथील माळीदादा 'दिवाळीघोडो आला' म्हणतात, आणि तो खरोखरच दिवाळीच्या आसपास येतो. काळा थिरथिरा, छातीवर केशरी डाग मिरवणारी लिटकुरी, पर्ण वटवट्यांच्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती आणि बाभळीत 'टक्-टक्' करणारी शुभ्रकंठी हे हिवाळ्याचे सोबती आहेत. यांतील बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये परततात. जाण्यापूर्वी काही जण हलके गुणगुणू लागतात. ते ऐकण्यासाठी मार्चमध्ये निवांत बसण्याची तयारी ठेवावी.

किती वाजता यावे?

सूर्योदयाच्या आधी पोहोचावे. वडोदऱ्यात जानेवारीत सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि जूनच्या आरंभी सहाच्या किंचित आधी, त्यामुळे घड्याळाची एकच वेळ वर्षभर चालत नाही. पहाटे हवा स्थिर असते आणि वाहनांचा गोंगाट कमी असतो. याच काळात गाण्याचा जोर सर्वाधिक असतो. छायाचित्रासाठी उपयुक्त प्रकाश सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड तासात मिळतो. उन्हाळ्यात नऊनंतर थांबून फारसा लाभ नाही. हिवाळ्यात मात्र ऊन तापेपर्यंत कीटक हलत नाहीत, म्हणून कीटकभक्षी पक्षी साडेआठ-नऊच्या सुमारास अधिक चपळ होतात. रविवारी आणि सुटीच्या दिवशी गर्दी लवकर वाढते.

आवाजावरून पक्षी ओळखायला कसे शिकावे?

याचे उत्तर सविस्तर देण्याजोगे आहे, कारण उरलेले सारे यावर अवलंबून आहे.

प्रथम गाणे आणि हाक यांतील फरक लक्षात घ्यावा. गाणे सहसा लांब आणि ठरावीक रचनेचे असते, विणीच्या हंगामात गायले जाते, आणि त्याचा मुख्य हेतू जोडीदाराला आकर्षित करणे व आपला इलाखा जाहीर करणे हा असतो. हाक छोटी असते व वर्षभर ऐकू येते: धोक्याची, थव्याला जोडून ठेवणारी, भुकेल्या पिल्लाची. दयाळचे गाणे म्हणजे थांबून थांबून घातलेल्या बदलत्या शिळा आहेत. तोच दयाळ मांजर दिसताच 'चर्रर्र' असा कर्कश आवाज काढतो. दोन्ही आवाज एकाच पक्ष्याचे आहेत हे डोळ्यांनी एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाही.

एकदम वीस आवाज पाठ करू नयेत. शिंपी, बुलबुल आणि दयाळ हे तीनच प्रथम पक्के करावेत. शिंपी अंगठ्याएवढा असूनही त्याचे 'टुवीट-टुवीट-टुवीट' बागेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. हे तीन पक्के झाले की चौथा आवाज आपोआप वेगळा ऐकू येतो, आणि त्याच्या मागे जाणे हेच खरे शिकणे आहे. ऐकलेला आवाज वहीत आपल्या अक्षरांत लिहावा, सूर चढतो की उतरतो याची रेघ काढावी. नाचणाची चढत-उतरत जाणारी छोटी सुरावट अशा रेघेने चटकन लक्षात राहते.

मोबाइलवरील मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचे ॲप आवाज ऐकून नाव सुचवते आणि भारतातील अनेक जाती त्यात आहेत. ते जरूर वापरावे, पण त्याचे नाव ही सूचना मानावी, निर्णय मानू नये. वाहनांच्या आवाजात ते चुकते. कोतवाल तर शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याची आणि इतर पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे तेथे ॲपच काय, मुरलेले निरीक्षकही क्षणभर फसतात. पक्षी डोळ्यांनी दिसल्यावाचून नोंद पक्की धरू नये.

ज्येष्ठ मंडळींना एक सांगणे आवश्यक वाटते. वयाबरोबर कानांची उंच पट्टीतील आवाज ऐकण्याची शक्ती कमी होते, म्हणून शिंजीर, चष्मेवाला किंवा फुलटोच्या यांची बारीक 'चिप्-चिप्' त्यांतील अनेकांना ऐकू येत नाही. नातवंडांना सोबत आणावे; मुलांचे कान या कामी अत्यंत तल्लख असतात आणि त्यांनाही जबाबदारी मिळाल्याचा आनंद होतो.

आधी दुर्बीण घ्यावी की कॅमेरा?

दुर्बीण. ८×४२ ही सर्वांत सोयीची: आठपट मोठे दिसते, ४२ मि.मी. व्यासाच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक प्रकाशातही पुरेसा उजेड मिळतो आणि हात फार थरथरत नाही. दहापट दुर्बिणीत लहान चंचल पक्षी पकडणे नवख्याला अवघड जाते. खरेदीपूर्वी किती जवळचे स्पष्ट दिसते ते तपासावे. दोन मीटरपर्यंत दिसत असेल तर उत्तम.

छायाचित्रासाठी कोणती लेन्स लागते? मोबाइलने चालणार नाही का?

हिशेबच मांडून पाहू. शिंजीर सुमारे १० सें.मी. लांबीचा. तो ८ मीटरवर असताना ४०० मि.मी. लेन्सने टिपला, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम ५ मि.मी. लांब उमटते. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणारा भाग; पुष्कळ कॅमेऱ्यांत असणाऱ्या एपीएस-सी या मापाच्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.५ मि.मी. असते, म्हणजे शिंजीर चौकटीच्या पाचव्या भागात मावतो. अंतर निम्मे केले की प्रतिमा दुप्पट होते. लेन्सची लांबी दुप्पट करण्यासाठी मात्र फार मोठी रक्कम मोजावी लागते. म्हणून ३०० ते ४०० मि.मी.ची साधी झूम लेन्स आणि स्थिर बसण्याची सवय एवढ्यावर बागेतले बरेच काम भागते. मोठी झूम असलेले एकसंध कॅमेरेही आरंभाला चांगले आहेत. अंधुक प्रकाशात त्यांची मर्यादा जाणवते एवढेच.

केवळ मोबाइल असेल तर पक्षी टिपण्याच्या मागे न लागता त्याचे गाणे ध्वनिमुद्रित करावे. दयाळच्या पाच मिनिटांच्या स्वच्छ मुद्रणाचे मोल एखाद्या पुसट छायाचित्राहून कितीतरी अधिक आहे.

कॅमेऱ्यात कोणती मापे ठेवावीत?

बसलेल्या, गाणाऱ्या पक्ष्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या ५०० व्या भागाखाली नेऊ नये. गाताना कंठ आणि चोच सतत थरथरत असतात, आणि वेग कमी पडला तर शरीर स्पष्ट व चोच अस्पष्ट असे चित्र मिळते. चष्मेवाला किंवा शिंपी यांसारख्या अस्वस्थ पक्ष्यांसाठी १००० वा भाग, उड्डाणासाठी २००० वा भाग असा अंदाज ठेवावा. प्रकाश आत सोडणारे छिद्र लेन्स देईल तितके मोठे, बहुधा एफ ५.६ किंवा ६.३ (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता स्वयंचलित ठेवून ३२०० पर्यंत जाऊ द्यावा. चित्रातील दाणे नंतर कमी करता येतात, हललेले चित्र सुधारता येत नाही.

काळ्या-पांढऱ्या पक्ष्यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दयाळ नर गडद पार्श्वभूमीवर आणि उन्हात असेल, तर कॅमेरा प्रकाश वाढवतो आणि पंखावरची पांढरी पट्टी पूर्ण जळून जाते. तेथे प्रकाश अर्धा-पाऊण टप्पा कमी करावा (एक पूर्ण टप्पा म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). उलट, विणीच्या पिसाऱ्यातील जांभळट-काळा शिंजीर उघड्या आभाळापुढे बसला असेल, तर एक ते दीड टप्पा वाढवावा लागतो, नाहीतर नुसती काळी आकृती हाती येते. शिंजिराच्या पिसांची चमक प्रकाश कोणत्या कोनातून पडतो यावर ठरते, म्हणून सूर्य आपल्या पाठीशी ठेवून तो मान वळवण्याची वाट पाहावी. फोकस डोळ्यावर असावा. शक्य असेल तर 'रॉ' म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात चित्रे घ्यावीत.

फ्लॅश वापरावा का?

वापरू नये. बागेत सकाळी त्याची आवश्यकता नाही, आणि अंधारात झोपलेल्या पक्ष्यावर तो टाकणे सर्वस्वी अयोग्य आहे.

पक्षी जवळ येत नाही. काय करावे?

त्याच्या मागे चालणे थांबवावे. पाठलाग करणारा माणूस पक्ष्याच्या लेखी शिकारी असतो. झाडाशी टेकून बसलेला माणूस थोड्या वेळाने परिसराचा भाग होतो. फुललेले झाड, पिकलेल्या फळांचा वड, ठिबकणारा नळ किंवा पाण्याचे डबके यांपैकी एक जागा निवडून अर्धा-पाऊण तास बसावे. गाणारे नर काही ठरावीक फांद्या पसंत करतात आणि रोज त्यांवरच येतात. पहिल्या दिवशी केवळ त्या फांद्या ओळखाव्यात, दुसऱ्या दिवशी प्रकाश पाहून आपली जागा ठरवावी. कपडे मातकट किंवा फिकट हिरवे असावेत. शक्य तेथे पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर यावे. खालून आभाळाकडे घेतलेल्या चित्रात पोटाखेरीज फारसे काही दिसत नाही. मागची झाडी पक्ष्यापासून जितकी दूर, तितकी पार्श्वभूमी मऊ.

पक्षी अस्वस्थ झाल्याच्या खुणाही ओळखायला हव्यात. गाणे एकाएकी थांबणे, शेपटीला झटके देत एकाच जागी धोक्याची हाक देणे, किंवा चोचीत अळी धरूनही घरट्याकडे न जाता घुटमळत राहणे यांपैकी काहीही दिसले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून लगेच मागे सरावे.

मोबाइलवर पक्ष्याचे गाणे वाजवून त्याला बोलावले तर? सगळेच तसे करतात.

कृपया करू नये. या पानावरची एकच गोष्ट कोणी लक्षात ठेवणार असेल, तर ती ही असावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

गाणे म्हणजे पक्ष्याची हद्द आहे. मोबाइलमधून गाणे ऐकताच नराला आपल्या इलाख्यात परका नर शिरल्याचे वाटते. तो चारा शोधणे सोडतो, मादी व पिल्ले सोडतो आणि न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यासाठी उघड्या फांदीवर येतो. उघड्यावर येण्यामुळेच तर छायाचित्र मिळते. पण त्याच उघड्यावर शिक्ऱ्याची नजरही असते. प्रतिस्पर्धी कधी सापडत नाही, त्यामुळे नराच्या दृष्टीने हे भांडण संपतही नाही.

'मी दोनच सेकंद वाजवले' असे उत्तर नेहमी मिळते. निर्जन अरण्यातल्या एखाद्या पक्ष्यासाठी ते कदाचित क्षम्य ठरेल. येथे एकाच दयाळसमोर एकाच सकाळी अनेक जण अनेकदा ते दोन सेकंद वाजवू शकतात, आणि पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर ती सारी मिळून एकच न संपणारी घुसखोरी असते. हिवाळ्यातील पाहुण्यांना हे लागू नाही असेही समजू नये. थिरथिरा आणि लिटकुरी थंडीतही आपापली जागा राखून असतात. तोंडाने 'पिश्-पिश्' आवाज काढून झुडपातले पक्षी बाहेर काढणे हाही याच खोडीचा प्रकार आहे.

ॲपमधील नमुने ऐकायचे असल्यास बागेत हेडफोन लावावा, किंवा घरी ऐकावेत. गाणारा नर उद्याही त्याच फांदीवर येणार आहे. वाट पाहून मिळालेल्या छायाचित्रात पक्षी निवांत असतो, आणि त्याच्या पिसांवरून, बसण्यावरून ते दिसतेही.

घरट्याची छायाचित्रे घेता येतील का?

घेऊ नयेत. मोठ्या लेन्सने दुरून घेतली तरीही माणूस तेथे उभा राहतो, इतर लोक जमतात आणि कावळा व मांजर दोघांनाही घरट्याचा पत्ता लागतो. दृश्य मोकळे करण्यासाठी पाने-डहाळ्या बाजूला बांधणे हे तर घरटे उन्हात उघडे टाकणेच आहे. शिंपीचे पानांत शिवलेले घरटे त्यानंतर टिकत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणेही समाविष्ट आहे. चुकून घरटे दिसले तर आल्या वाटेने परत फिरावे आणि जागा कोणालाही, समाजमाध्यमांवर तर मुळीच, सांगू नये.

पिल्लू जमिनीवर पडलेले दिसले तर घरी न्यावे का?

त्याला पिसे आलेली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेले नाही. बुलबुल व दयाळ यांची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडतात आणि आई-वडील त्यांना जमिनीवर व झुडपांत भरवतात. कुत्र्या-मांजराचा धोका असेल तर उचलून जवळच्या झुडपाच्या फांदीवर ठेवावे आणि दूर जावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. पिसे न फुटलेले पिल्लू असेल आणि घरटे दिसत असेल, तर अलगद परत ठेवावे. देशी पक्षी घरी पाळणे कायद्याने निषिद्ध आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

शेव-गाठिया किंवा दाणे टाकले तर चालते का?

शेव, गाठिया, फरसाण हे तळलेले व खारट पदार्थ पक्ष्यांना घालू नयेत. दाण्यांवर कबुतरे येतात; शिंपी, सुभग, नाचण, चष्मेवाला यांचा दाण्यांशी संबंध नाही, त्यांना कीटक, मकरंद किंवा फळे लागतात. ज्यांना खरोखर काही करायचे आहे, त्यांनी उन्हाळ्यात घराच्या गच्चीवर मातीचे उथळ पसरट भांडे सावलीत ठेवून त्यातले पाणी रोज बदलावे, आणि अंगणात देशी फुलझाडे लावावीत.

आज दिसलेला पक्षी पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही. नवी जात असेल का?

बहुधा ती मादी, पिल्लू किंवा हंगाम बदललेला नर असतो. दयाळची मादी काळी नसून राखी असते. शिंजिराचा नर विणीनंतर आपला झळाळता पिसारा टाकतो आणि मादीसारखा पिवळट होतो. हनुवटीपासून पोटाकडे उतरणारी एक काळी रेघ तेवढी उरते. पावसाळा सरल्यानंतर असे नर दिसतात आणि दर वर्षी कोणीतरी त्यांना वेगळी जात ठरवते. पर्ण वटवट्यांच्या बाबतीत मात्र घाई न करता 'पर्ण वटवट्या, जात अनिश्चित' असेच लिहावे. तसे लिहिण्यात कमीपणा नाही.

बागेत सुरक्षिततेच्या दृष्टीने काय पाळावे?

विश्वामित्रीत मगरी आहेत आणि त्या शहराच्या मध्यभागातही असतात. चांगल्या कोनासाठी काठ उतरून पाण्याजवळ जाऊ नये, पावसाळ्यात तर काठापासून दूरच राहावे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी कोठवर आली होती ते वडोदरेकरांच्या स्मरणात आहे. तिपाई चालण्याच्या वाटेवर उभी करू नये. व्यावसायिक चित्रीकरण करायचे असल्यास महानगरपालिकेकडे आधी चौकशी करावी. प्राणिसंग्रहालयातील पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची छायाचित्रे रानपक्षी म्हणून प्रसिद्ध करू नयेत.

नोंदी कोठे पाठवाव्यात?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, तारीख, वेळ, चाललेले अंतर आणि दिसलेल्या प्रत्येक जातीची संख्या यांसह. केवळ दुर्मीळ पक्षी लिहिण्याचा मोह टाळावा; साळुंकी आणि बुलबुल यांच्या नियमित नोंदींवरूनच त्यांची वाढ-घट पुढे समजते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' हा पक्षीगणनेचा उपक्रम चालतो. भारतातील निरीक्षक त्यात २०१३ पासून भाग घेत आहेत, आणि नवख्याने पहिली यादी भरण्यासाठी तो मुहूर्त उत्तम आहे. पंधरा मिनिटांचे निरीक्षणही त्यात चालते.

उत्तरायणाच्या दिवसांत काय करावे?

उत्तरायण म्हणजे गुजरातेतील संक्रांतीचा पतंगांचा सण; त्या १४ आणि १५ जानेवारीला छायाचित्रणाचा विचार बाजूला ठेवावा. पक्षी सकाळी चरायला निघतात आणि सायंकाळी रातथाऱ्याला परततात, नेमक्या त्याच वेळी आभाळ पतंगांनी भरलेले असते. दाट थव्याने परतणाऱ्या भोरड्या मांज्यात सापडतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, पण काचेचा लेप दिलेला सुती दोराही पंख कापतो. म्हणून सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर पतंग उडवू नये, आणि आपल्या सोसायटीतही हे सांगावे.

जखमी पक्षी आढळल्यास छायाचित्र काढण्यात वेळ घालवू नये. त्याच्यावर सुती कापड टाकून अलगद उचलावे, हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. पंखात रुतलेला दोरा ओढू नये. लोंबणारा भाग कात्रीने कापावा आणि आतला तसाच राहू द्यावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्यानंतर १९६२ या करुणा पशु-रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर फोन करावा.

सण संपल्यावर दोरा झाडांवर पुढे कित्येक आठवडे लटकत राहतो आणि फेब्रुवारीत सावरीवर येणारे पक्षी त्यात अडकतात. त्या काळात बागेत येताना एक छोटी कात्री आणि पिशवी सोबत ठेवावी, हाताला येतील त्या फांद्यांवरचा दोरा गोळा करून आणावा आणि कचऱ्यात टाकण्यापूर्वी त्याचे बारीक तुकडे करावेत.